घरासाठी एसी निवडताना: आधी उष्णतेची वाट, मग टन

प्रश्न असा आहे: दोन बेडरूम आणि हॉल एवढं घर, आधी कधी एसी नव्हता. विंडो, स्प्लिट, एका बाहेरच्या युनिटवर चालणारा मल्टी-स्प्लिट, डक्टचा की चाकांवर सरकणारा पोर्टेबल, यांतलं काय घ्यावं? किती टनाचं? आणि इन्व्हर्टर, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारा एसी, खरंच लागतो का?

बहुतेक जण टनापासून सुरुवात करतात. तुम्ही घराबाहेरून करा. एसी थंडी बनवत नाही. खोलीतली उष्णता आणि हवेतलं पाणी उचलून तो बाहेर नेऊन टाकतो. त्यामुळे आधी दोनच गोष्टी ठरवायच्या: ही उष्णता नेमकी कुठे टाकणार, आणि पाणी कोणत्या वाटेने जाणार. एवढं ठरलं की निम्मे प्रकार आपोआप गळतात.

दीड टनाचा एसी खोलीतून साधारण ५.३ किलोवॅट उष्णता उचलतो. कॉम्प्रेसर आणि पंखे खातात ती सुमारे दीड किलोवॅट वीज त्यात मिळवा. म्हणजे बाहेरच्या युनिटला जवळपास पावणेसात किलोवॅट उष्णता हवेत सोडायची असते. त्यासाठी युनिटच्या मागे १५-२० सेंमी आणि पंख्यासमोर निदान एक मीटर मोकळी जागा हवी. समोर भिंत किंवा दाट पट्ट्यांची जाळी असेल, तर गरम हवा वळून पुन्हा मागून कंडेन्सरमध्ये, म्हणजे बाहेरच्या युनिटातल्या उष्णता सोडणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळीत शिरते. बाहेर ३५ अंश असताना युनिटच्या वाट्याला ४५ अंशांची हवा येते. दाब चढतो, वीज वाढते, थंडावा कमी होतो आणि ऐन दुपारी कॉम्प्रेसर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. अशा वेळी कुणीतरी ‘गॅस कमी झालाय’ म्हणून आणखी गॅस भरतो, की दाब अजून चढतो. चूक जागेची असते आणि दोष गॅसवर जातो.

जागा पाहताना आणखी एक पाहा: दुरुस्तीला आलेला माणूस तिथे दोन पायांवर उभा राहू शकेल का? खिडकीतून ओणवं होऊन, बाहेर लटकून काम करावं लागेल अशा ठिकाणी युनिट बसवलं, तर त्याची सफाई कधीच होत नाही. दोन वर्षांत कंडेन्सरच्या पात्यांत धूळ, कापूस, पिसं घट्ट बसतात. बाल्कनीच्या कोपऱ्यात थोडी जागा अडली तरी चालेल, पण हात पोचला पाहिजे.

बाहेर अशी जागा असेल तर एका खोलीसाठी स्प्लिट हा सरळ उत्तम पर्याय. कॉम्प्रेसर बाहेर गेल्यामुळे खोलीत फक्त ब्लोअरचा आवाज राहतो, भिंतीत साधारण ६५ मिमीचं एक भोक पुरतं आणि खिडकी मोकळी राहते. जागा नसेल, पण खोलीची खिडकी किंवा बाहेरची भिंत मोकळी असेल, तर विंडो एसीला जुनाट म्हणून नाक मुरडू नका. त्याच्या गॅसचे सगळे जोड कारखान्यात झाळलेले असतात; घरात एकही फ्लेअर (पाइपचं टोक फुलवून नटाने आवळलेला जोड) होत नाही, त्यामुळे गळतीचं सगळ्यांत मोठं कारणच नाहीसं होतं. वारंवार घर बदलणाऱ्यांसाठी तर तो जास्त सोयीचा, कारण उचलला आणि नेला. त्याच्या उणिवाही उघड आहेत: आवाज जास्त, कमाल कार्यक्षमता चांगल्या स्प्लिटपेक्षा कमी, आणि चौकटीभोवतीची फट नीट बुजवली नाही तर गरम हवा, धूळ, डास सगळं आत. बसवताना मागची बाजू किंचित खाली हवी, म्हणजे पाणी बाहेर वाहतं. पुस्तिकेत जेवढा उतार दिला असेल तेवढाच द्या. फार तिरका केला तर आतल्या थंड नळ्यांच्या म्हणजे कॉइलच्या खालचा ट्रे एका बाजूने ओसंडतो.

पोर्टेबलबद्दल स्पष्टच सांगायला हवं. त्याची एकच नळी असेल, तर तो खोलीतलीच थंड केलेली हवा कंडेन्सरवरून फिरवून बाहेर फेकतो. तासाला ३०० घनमीटर किंवा त्याहून जास्त. खोलीत हवेची पोकळी राहू शकत नाही, म्हणून तेवढीच गरम, दमट हवा दारांच्या आणि खिडक्यांच्या फटींतून आत ओढली जाते. ४२ घनमीटरच्या खोलीत ही हवा तासाला सात-आठ वेळा बदलते. बाहेर जितकं जास्त तापतं तितका हा तोटा वाढतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी तो कमी पडतो. शिवाय कॉम्प्रेसर खोलीत, आणि तापलेली नळीही खोलीतच. दोन नळ्यांचा पोर्टेबल कंडेन्सरसाठी बाहेरचीच हवा घेतो, म्हणून तो बराच बरा. भाड्याच्या घरात भोक पाडायची परवानगी नाही आणि खिडकीत युनिट बसत नाही, एवढ्याच अडचणीसाठी पोर्टेबल ठेवावा.

आता टन. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजेच ३.५ किलोवॅट उष्णता. ‘दहा-बारा चौरस मीटरला एक टन’ हा अंदाज सर्रास वापरला जातो, पण तो फक्त जमीन मोजतो आणि उष्णता जमिनीतून येत नाही. ४ बाय ३.५ मीटरची, सर्वांत वरच्या मजल्यावरची, पश्चिमेला भिंत आणि खिडकी असलेली खोली घ्या. दुपारच्या उतरत्या उन्हात साध्या काचेतून चौरस मीटरमागे ५०० वॅटच्या आसपास उष्णता आत येते, १.८ चौरस मीटरची खिडकी म्हणजे ९०० वॅट. उघडा काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला ५०-६० वॅट देतो, म्हणजे १४ चौरस मीटरला ८०० च्या घरात. पश्चिमेची भिंत ३००, शेजारच्या बिनएसीच्या खोल्यांकडून ३००, दोन माणसं अडीचशे, टीव्ही आणि संगणक दीडशे, फटींतून येणारी हवा अडीचशे. बेरीज सुमारे २,९५० वॅट. म्हणजे १ टन.

हीच खोली मधल्या मजल्यावर न्या आणि खिडकीला बाहेरून सावली करा. स्लॅबचे ८०० गेले, खिडकीचे ९०० चे ३०० झाले. उरले १,५५० वॅट. म्हणजे अर्धा टनही नाही. क्षेत्रफळ तेच, गरज निम्मी. म्हणून एसीचा आकार वाढवण्याआधी सावली आणि छताचा विचार करा. सावली बाहेरून हवी. आतला पडदा ऊन काचेच्या आत आल्यावर अडवतो, तोवर बरीचशी उष्णता खोलीत शिरलेली असते. स्लॅबचं आणखी एक वैशिष्ट्य असं, की दुपारी पडलेलं ऊन तो काही तास उशिरा खोलीत सोडतो. फक्त रात्री वापरायच्या बेडरूमचाही भार म्हणूनच संध्याकाळी आणि पूर्वरात्री जास्त असतो. छतावर पांढरा परावर्तक लेप किंवा उष्णतारोधक थर दिला, तर त्याचा फायदा रात्रीच्या झोपेला होतो.

डब्यावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४५ अंश झाले की बऱ्याच यंत्रांची क्षमता दहा-पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त घटते आणि वीज वाढते. तुमच्याकडे उन्हाळा एवढा कडक असेल, तर कंपनीच्या तक्त्यात ४६ अंशांची क्षमता किती दिली आहे ते विचारा आणि त्या आकड्याशी गरज जुळवा. उगाच अर्धा टन ‘हाताशी असू दे’ म्हणून वाढवू नका.

का नाही? कारण गरजेपेक्षा मोठा एसी खोली गार करतो, पण कोरडी करत नाही. हवेतलं पाणी काढायला कॉइल ओल्या हवेच्या दवबिंदूखाली (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्याच्या खाली) जावी लागते आणि तिथेच बराच वेळ राहावी लागते. पहिल्या काही मिनिटांत जमलेलं पाणी तर फक्त पात्यांवर चिकटून राहतं. थेंब पडायला लागून ड्रेनमध्ये जाईपर्यंत वेळ लागतो. मोठा एसी सहा-सात मिनिटांत तापमान गाठून कॉम्प्रेसर बंद करतो, पंखा चालूच असतो, आणि कॉइलवरचं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत येतं. खोली २३ अंशांवर, तरी अंथरूण ओलसर, चिकचिकीत. मग माणूस आणखी खाली, २० वर लावतो. थंडी वाजते, दमटपणा तसाच. भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे बुरशी धरते. १ लिटर पाणी हवेतून काढणं म्हणजे साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता उचलणं; टनभर क्षमतेचा नीट चालणारा एसी दमट दिवसात तासाला १ लिटरहून जास्त पाणी काढतो. दमट हवेच्या ठिकाणी एसीच्या कामाचा मोठा हिस्सा हाच.

इन्व्हर्टरचा खरा उपयोग इथे कळतो. साधा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण वेगाने चालतो, नाही तर बंद. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेपुरता मंद होतो, त्यामुळे तो सलग चालत राहतो, कॉइल थंड राहते आणि पाणी निघत राहतं. सुरू होताना विजेचा मोठा झटकाही लागत नाही. रोज आठ-दहा तास वापर असेल तर इन्व्हर्टरच घ्या. पाहुण्यांच्या खोलीत वर्षाला पंधरा दिवस लावायचा असेल, तर त्याच्या नियंत्रण-कार्डाची दुरुस्ती आणि जादा किंमत दोन्ही अंगावर येतात. तिथे साधा चालतो. पण इन्व्हर्टर आहे म्हणजे कितीही मोठा चालेल, हा समज खोटा. प्रत्येक इन्व्हर्टरला किमान क्षमता असते. तांत्रिक पत्रकात क्षमता ‘किमान – नाममात्र – कमाल’ अशी तीन आकड्यांत दिलेली असते. त्यातला पहिला आकडा जितका लहान तितकं चांगलं. रात्री दोन वाजता बेडरूमची गरज ७०० वॅट असेल आणि यंत्र १,५०० च्या खाली उतरत नसेल, तर तेही साध्यासारखंच चालू-बंद होत राहणार. पंख्याचा वेग सतत पूर्ण ठेवूनही दमटपणा वाढतो. पावसाळी हवेत तो कमी ठेवा किंवा ड्राय मोड वापरा.

मल्टी-स्प्लिटची हीच गोम आहे. बाहेर एकच युनिट, आत तीन. दर्शनी भिंत स्वच्छ राहते, म्हणून तो आवडतो. आता बाहेरचं युनिट ८ किलोवॅटचं आहे आणि ते खाली २ किलोवॅटपर्यंतच उतरतं असं धरा. रात्री एकच बेडरूम चालू, गरज पाऊण किलोवॅट. उरलेली क्षमता जाणार कुठे? काही यंत्रं ती बंद असलेल्या खोल्यांच्या कॉइलमध्ये थोडा गॅस सोडून जिरवतात, तर काही चालू-बंद करत बसतात. दोन्हींत वीज वाया जाते. शिवाय बाहेरचं युनिट बिघडलं की तिन्ही खोल्या एकदम बंद, आणि एका फ्लेअरच्या गळतीने सगळ्यांचा गॅस जातो. बाहेर जागा असेल तर तीन स्वतंत्र लहान स्प्लिट जवळपास प्रत्येक बाबतीत सरस ठरतात. खोल्या एकाच वेळी वापरात असतील आणि बाहेर एकाच युनिटची जागा असेल, तरच मल्टी घ्या. आत-बाहेरच्या युनिटांच्या जोड्या कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच लावा.

डक्टचा एसी म्हणजे छतात लपलेलं एक यंत्र आणि खोल्याखोल्यांत जाणारे हवेचे मार्ग. तो नव्या बांधकामात किंवा पूर्ण नूतनीकरणात शोभतो. राहत्या घरात मागाहून कोंबलेला डक्ट सहसा पस्तावायला लावतो. सगळ्यांत जास्त विसरली जाते ती हवेची परतीची वाट. टनामागे साधारण ६८० घनमीटर हवा दर तासाला फिरते. बेडरूममध्ये ती सोडली आणि दार लावलं, तर ती परत यंत्राकडे कशी येणार? दाराखालची दीड सेंटिमीटरची फट ८० सेंमी रुंदीला जेमतेम ०.०१२ चौरस मीटर भरते. एक टन क्षमतेच्या यंत्राच्या हवेला आरामात यायला ०.१ चौरस मीटरच्या आसपास मोकळी जाळी लागते. वाट नसली की खोलीत दाब वाढतो, थंड हवा खिडकीच्या फटींतून बाहेर जाते आणि हॉलमध्ये बाहेरची गरम हवा ओढली जाते. डक्ट तापलेल्या छताखालून जात असेल तर त्याचा प्रत्येक सांधा मॅस्टिकने (सांधे बुजवायच्या लवचीक लेपाने) बंद आणि वरचं इन्सुलेशन सलग हवं, नाहीतर डक्टला बाहेरून घाम फुटून फॉल्स सीलिंगवर डाग पडतात. फिल्टर काढायला नीट झडप ठेवलीच पाहिजे. मोठ्या हॉलला भिंतीवरच्या युनिटची हवा पोचत नसेल, तर छतातला कॅसेट हा मधला मार्ग आहे. त्याला छताच्या पोकळीत साधारण २५-३० सेंमी उंची लागते, आणि पाणी वर चढवणारा छोटा पंप असतो, जो बंद पडला की पाणी थेट हॉलमध्ये.

हवा कोरडी असेल तर एसीच हवा असं नाही. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर साधारण २६ अंशांची हवा देतो, तेही एसीच्या विजेच्या एका लहानशा हिश्श्यात. मात्र ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तोच कूलर २९ च्या खाली जात नाही आणि खोलीत वाफ कोंडते. कूलर लावताना खिडकी उघडी, एसी लावताना बंद. दोन्ही एकाच खोलीत एकत्र चालवले, तर कूलरने सोडलेलं पाणी एसीला पुन्हा काढत बसावं लागतं. हिवाळा कडक असेल तर उलट दिशेनेही चालणारा, म्हणजे हीटिंग असलेला स्प्लिट घ्या. साध्या हीटरला लागणाऱ्या विजेच्या निम्म्याहून कमी विजेत तो सौम्य थंडीत तेवढीच ऊब देतो. गोठणबिंदूच्या खाली तापमान जात असेल, तर त्या तापमानाला किती क्षमता उरते ते तक्त्यात पाहा.

कार्यक्षमतेचे तारे आणि आकडे एकाच पद्धतीचे असतील तरच त्यांची तुलना करा. ईईआर (खाल्लेल्या विजेमागे किती उष्णता उचलली तो आकडा) पूर्ण भारावर मोजतात, हंगामी आकडा वेगवेगळ्या तापमानांची सरासरी धरतो; एका यंत्राचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा घेऊन ताळा जमत नाही. बीटीयूतला ईईआर असेल तर ३.४१ ने भागा, की वॅटमधला मिळतो.

गॅसच्या बाबतीत आर-२२ ची नवी यंत्रं घेऊ नका. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारापासून ओझोनला मारक वायू टप्प्याटप्प्याने हद्दपार होत आले आहेत. कार्बन डायऑक्साइडचा १ धरला, तर आर-४१०ए चा तापमानवाढीचा निर्देशांक २,०८८, आर-३२ चा ६७५, आर-२९० चा एक आकडी. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. त्यामुळे दोन्हींच्या पुस्तिकेत खोलीचं किमान क्षेत्रफळ दिलेलं असतं, ते पाळा. कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची हा वाद लोक फार घालतात. तांबं जागेवर झाळता येतं, म्हणून दुरुस्तीला सोपं. पण समुद्राजवळ खाऱ्या हवेत तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमची पाती जिथे भिडतात तिथेच गंज धरतो, तेव्हा कंडेन्सरवरचा संरक्षक लेप धातूइतकाच महत्त्वाचा. उघड्या गटाराच्या किंवा शौचालयाच्या सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडाशी युनिट ठेवलं, तर तिथला गंधकयुक्त वायू तांबं बारीक बारीक पोखरतो.

वीज: एसीला स्वतःची वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि खरं अर्थिंग. दीड टनापर्यंत तांब्याची किमान २.५ चौरस मिमी, लांब अंतराला ४ चौरस मिमी वायर घ्या. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी कधीच नाही. जळलेल्या प्लगचं तेच नेहमीचं कारण.

आणि शेवटी बसवणं, कारण चांगला एसी सगळ्यात जास्त तिथेच बिघडतो. पाइपची लांबी ३ मीटरपेक्षा कमी आणि १५ मीटरपेक्षा जास्त नसलेली बरी. कारखान्यातून भरलेला गॅस बहुधा ५ ते ७.५ मीटरपुरता असतो. त्यापुढे मीटरमागे किती ग्रॅम घालायचा ते पुस्तिकेत असतं आणि तो काट्यावर तोलून घालायचा, अंदाजाने नाही. दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. फ्लेअरचे नट टॉर्क पान्याने आवळायचे: पाव इंचाला १४-१८ न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांशला ३४-४२. जास्त आवळलेला फ्लेअर चिरतो, आणि तो पहिल्याच दिवशी नाही, सहा महिन्यांनी गळतो. त्यानंतर नायट्रोजनने दाबाची चाचणी, मग पंपाने व्हॅक्यूम. काही जण वेळ वाचवायला थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा ‘ढकलून’ देतात. पाइपमध्ये राहिलेली ओल तेलाशी मिळून आम्ल बनवते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य खाते. आर-३२ असेल तर आगीचा धोका वेगळाच. व्हॅक्यूमच्या मीटरवर ५०० मायक्रॉनच्या (पाइपमध्ये उरलेल्या दाबाचं माप) खाली आकडा दाखवायला सांगा आणि पंप बंद करून दहा मिनिटं तो टिकतो का, हे शेजारी उभं राहून पाहा. ड्रेनच्या पाइपला मीटरमागे निदान १ सेंटिमीटर उतार हवा, मध्ये कुठेही पोट नको आणि टोक पाण्यात बुडालेलं नको.

माणूस निघण्याआधी एसी पूर्ण वेगाने वीस मिनिटं चालवा आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक ८ ते १२ अंश हवा. फार दमट दिवशी थोडा कमी मिळेल. मग इनडोअर युनिटच्या ट्रेमध्ये बाटलीने लिटरभर पाणी हळूहळू ओता आणि ते ड्रेनच्या टोकाला येतं का ते बघा. ते आल्याशिवाय शिडी उचलू देऊ नका.